पदकं ठेवून घेतलीत, पत्रं परत पाठवलीत : अभिलेखागारं आणि संग्रहालयांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातली अभिलेखागारं, वस्तुसंग्रहालयं, इतिहास संशोधन संस्था आणि विद्यापीठांची ग्रंथालयं चालवणाऱ्या संचालक, विश्वस्त आणि अभिरक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घराने आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तू आपल्यापैकी एका संस्थेला दिल्या होत्या. पदकं, गणवेशातला एक फोटो, सेवापुस्तिका आणि पत्रांचा गठ्ठा. काही महिन्यांनी गठ्ठा तेवढा परत आला. सोबत एका ओळीचा कागद होता : मजकूर कौटुंबिक स्वरूपाचा असल्याने संग्रहयोग्य नाही. पदकं मात्र काचेच्या कपाटात लागली आणि त्यांचं आभारपत्रही आलं. त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. चार जाणकारांशी बोलल्यावर कळलं की दुसरीकडे गेलो असतो तरी बहुधा हेच ऐकायला मिळालं असतं. म्हणून हे पत्र तिला एकटीला न लिहिता आपणा सगळ्यांना लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण असे गठ्ठे ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांनीही ते वाचावं.

ती पदकं आजोबांच्या आघाडीवरच्या हजारो जणांना मिळाली, सगळी एका साच्यातली. पत्र मात्र प्रत्येक एकेकच आहे. त्यातलं एक आधी दाखवते, म्हणजे कौटुंबिक मजकूर कशाला म्हणतात ते आपल्याही ध्यानात येईल.

१९४४ चा जुलै. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. पत्रावर गावाचं नाव नाही, पलटण आणि ‘सी. एम. एफ.’, म्हणजे सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स, एवढाच पत्ता. ठिकाण लिहायला बंदी होती. ओली झाली की जांभळी उमटते त्या पेन्सिलीने लिहिलंय, आणि मधल्या दोन ओळी सेन्सॉरने काळ्या केल्या आहेत. लढाईचा एक शब्द नाही. मनीऑर्डर पावली का, वडिलांचा खोकला कसा आहे, सावकाराचं व्याज कुठवर फिटलं, मुलीला शाळेत घातलं का. आणि मग मधेच बैल. इथले बैल पांढरेधोप आहेत, आपल्या खिलारापेक्षा हातभर उंच, पण स्वभावाने गरीब. गव्हाची मळणी चालू आहे. उतारावर द्राक्षाचे वेल झाडांवर चढवलेत. माणसं आपल्यासारखीच कर्जात असावीत, कारण घरं दगडी असूनही पोरं अनवाणी हिंडतात.

आता सांगा, यात काय नाही? मध्य इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्याच्या आसपास, उंच पांढऱ्या बैलांची कियानिना ही जात आहे. ठिकाणाचं नाव सेन्सॉरने येऊ दिलं नाही, पण बैलांकडे बघायची शेतकऱ्याची नजर त्याला थोडीच काळी करता आली. त्याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पराक्रम सरकारी मानपत्रात नोंदलेला आहे आणि तो नोंदला गेलाच पाहिजे. पण त्या खोऱ्यातून चाललेल्या मराठी माणसाला तो मुलूख कसा दिसला, हे कुठल्याही मानपत्रात सापडायचं नाही. ते या कागदावर आहे, आणि हा कागद आपल्याला नको आहे.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या निकषाबद्दल आहे. पानिपतानंतर दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा निरोप आला होता हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आपले संग्रह अजून त्याच हिशेबाने चालतात. मोत्याचा कागद असेल तर तांबड्या रुमालात बांधून ठेवायचा, मोहरांचा असेल तर यादीत घ्यायचा, आणि खुर्द्याचा असेल तर घरी पाठवून द्यायचा. गंमत अशी की आपल्यातल्या कितीतरी संस्था ज्या कामाचा वारसा सांगतात ते काम घरगुती कागदांवरच उभं राहिलंय. वि. का. राजवाड्यांना वाईत एका घरात दप्तर मिळालं, त्यातून १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, आणि पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांचा पत्रव्यवहार लोकांपुढे आला. हा माणूस दारोदार फिरला. रद्दीत निघालेले, वाळवीने खाल्लेले कागद त्याने मागून आणले. आज लोक स्वतः कागद घेऊन आपल्या दारात येतात, तर त्यांना माघारी पाठवलं जातं.

किंवा वरसईच्या विष्णुभट गोडशांचं घ्या. हा कोकणातला भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. ना हुद्दा, ना हातात शस्त्र. झाशीच्या वेढ्यात त्याने काय पाहिलं, काय खाल्लं, कुठे लपला, हे त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं. ते वाचल्यावाचून आज कोणी सत्तावन्नच्या झाशीबद्दल मराठीत बोलायला धजत नाही. आजच्या नियमाने तपासलं तर गोडसे भटजींचं हस्तलिखितही ‘कौटुंबिक स्वरूपाचं’ ठरलं असतं, कारण घरचं कर्ज फेडायचं होतं इथूनच ते सुरू होतं.

दुसरी तक्रार पहिल्या महायुद्धाची. त्या युद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यातली हजारो वाटेत आणि छावण्यांत मेली. बसऱ्याचं स्मारक चाळीस हजारांहून जास्त मृतांसाठी उभारलं गेलं, पण तिथल्या दगडावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांची फक्त संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. तेव्हा दगडावर नाव नाही आणि घरचं पत्र आपण घेत नाही, तर तो माणूस नोंदवायचा कुठे?

फ्रान्समधून हिंदी शिपायांनी लिहिलेल्या पत्रांचं काय झालं ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. सेन्सॉरच्या कचेरीत ती उघडली जायची, निवडक उतारे इंग्रजीत उतरवले जायचे आणि मूळ पत्र बहुतेक वेळा पुढे गावी जायचं. ते उतारे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत शाबूत आहेत. म्हणजे शिपाई काय म्हणाला ते सेन्सॉरच्या इंग्रजीत उरलं, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत जे गावी पोचलं ते पावसाने, उंदराने, घरांच्या वाटण्यांनी संपवलं. संपलं असं मी अंदाजाने म्हणते आहे, कारण काय उरलंय ते पाहायला आपल्यापैकी कोणी गावात गेलेलं नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. घरटी एक माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. अशा गावांत जाऊन एकदा घरोघर विचारायला किती खर्च येतो?

शेजारी काय झालं तेही पाहा. पंजाबातल्या शिपायांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात जवळपास शंभर वर्षं पडून होत्या. सुमारे ३ लाख २० हजार माणसांच्या या नोंदींचं संगणकीकरण होऊन २०२१ मध्ये त्या लोकांना खुल्या होऊ लागल्या. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या पंजाबी कुटुंबांना आपल्या पणजोबांचं नाव आणि गाव सापडलं. आपल्याकडे असं काही सुरू आहे का? असेल तर ते आम्हाला कळू द्या.

मोडीचा अडसरही इथेच येतो. त्या काळातली कितीतरी घरगुती पत्रं मोडीत आहेत. घरात वाचणारा कोणी उरला नाही की तो कागद जमिनीचा असावा असं समजून लोक तलाठ्याकडे नेतात, आणि जमिनीचा नाही असं कळलं की टाकून देतात. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, परीक्षा होतात, दरवर्षी नवी मुलं तयार होतात. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मनापासून सांगते. पण परीक्षा पास झालेल्या त्या मुलांपुढे सरावाला पेशवाईतले कागद ठेवले जातात. पणजोबांचं पत्र घेऊन ताटकळणारी घरं त्यांच्याशी जोडून द्यायला कोणी नाही.

तिसरी गोष्ट घरातल्या नासाडीची. कागद आपण घेत नसाल तर तो कसा जपायचा एवढं तरी सांगायला हवं होतं. ते कोणी सांगत नाही म्हणून लोक आपापल्या समजुतीने जपतात आणि त्यातच तो मरतो. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावतात, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात मुरतो. झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करतात, तेही प्रेमाने, आणि मग तो कागद प्लॅस्टिकमधून कधीच सुटत नाही. पिना गंजतात. ती जांभळी पेन्सिल पाण्याच्या एका थेंबाने पसरते, आणि आमच्या एका नातलगाने तर पत्र स्वच्छ करायला ओला बोळा फिरवला. पत्र घडी उलगडून, उन्हापासून आणि ओलीपासून दूर, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावं, दोन्ही बाजूंचे आणि लिफाफ्याचेही फोटो काढावेत, त्यावर कुठलंही रसायन घालू नये. हे सगळं एका पानावर मावतं. असं एक मराठी पान मला आपल्या कुठल्याही संस्थेत मिळालं नाही.

लिफाफ्याचं तर निराळंच प्रकरण आहे. फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि सेन्सॉरची मोहर असलेल्या लिफाफ्याला तिकीटसंग्राहकांच्या बाजारात किंमत येते. घेणारा लिफाफा घेतो, आतलं पत्र त्याला लागत नाही. शिक्क्यावरून पलटण आणि तारीख कळते, पत्रावरून माणूस कळतो, आणि दोघांची एकदा फारकत झाली की पुन्हा जुळवणं जवळजवळ अशक्य. संग्राहकांना मी दोष देत नाही. त्यांनी निदान अर्धं तरी वाचवलं.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांबद्दल थोडक्यात लिहिते. १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९, या सगळ्यांची पत्रं घरोघर आहेत. निळी अंतर्देशीय, पत्त्यावर ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, म्हणजे लष्करी टपालघर. २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या इतिहासलेखनाचं आणि कागदपत्रं खुली करण्याचं धोरण मंजूर केलं. त्यात युद्धदैनंदिन्या आणि कारवाईच्या नोंदवह्या आहेत, घरचे कागद नाहीत. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही सरकारी कागदांपुरता. म्हणजे हे काम कायद्याने कोणावरच येत नाही, आणि म्हणून ते आपल्यावर येतं. शिवाय आता पत्रंही लिहिली जात नाहीत. सीमेवरच्या मुलाचे निरोप आईच्या फोनमध्ये असतात, आणि फोन बिघडला की दुकानदार तो पुसून देतो. त्याबद्दल आजच काही ठरवलं नाही, तर उद्या परत पाठवायलाही आपल्या हातात काही नसेल.

एक तक्रार मला बाई म्हणून करायची आहे. शिपायाची घरी आलेली पत्रं कुठे कुठे टिकली, पण घरून त्याला गेलेली फारच थोडी उरली. तो ती पाठीवर किती वागवणार? माझी आजी मास्तरांकडून पत्र लिहून घ्यायची. मास्तर परके, त्यामुळे मनातलं त्यांच्यासमोर बोलायची चोरी. म्हणून ती सांगायची ते सगळं शेताचं. आजोबांची बदली झाल्याने फिरत फिरत परत आलेली तिची दोन पत्रं आमच्या गठ्ठ्यात आहेत. एकात तिने रॉकेल मिळत नाही, लुगडं मिळत नाही, आणि विहिरीचा हिस्सा भावकीने अडवलाय असं कळवलंय. युद्ध घरात कसं शिरलं होतं ते या पत्रात आहे. आणि आपल्या संस्थेने हीच दोन पत्रं सगळ्यात वर ठेवून परत केली.

जाता जाता एवढंही सांगते, की पत्रं घेतलीच तर ती सणावारी वापरायला घेऊ नका. सव्वीस जानेवारीच्या फलकावर ‘आई, मी देशासाठी लढतोय’ एवढी ओळ घ्यायची आणि त्याखालचं कर्ज, भांडण, भीती, रजा नाकारणाऱ्या साहेबाला घातलेली शिवी गाळायची, हा प्रकार मी पाहिला आहे. गोडसे भटजींचं लिखाण १९०७ साली छापलं गेलं ते काटछाट होऊन, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती यायला १९६६ उजाडलं. एवढं थांबायला आता आमच्याकडे माणसं नाहीत. दुसऱ्या महायुद्धातले शिपाई गेले, त्यांची मुलं ऐंशीच्या घरात आहेत, आणि पत्रातला ‘बापू’ कोण नि ‘वरची पट्टी’ कुठली हे सांगू शकणारी तीच शेवटची.

मागण्या अशा :

संग्रहात काय घेणार आणि काय नाही याचा नियम लेखी करा आणि जाहीर करा. ‘कौटुंबिक’ हे नकाराचं कारण त्यातून काढून टाका. जागा नाही, माणूस नाही, असं कारण असेल तर तसं स्पष्ट सांगा, ते समजण्यासारखं आहे.

मूळ कागद मागू नका. लोक तो देत नाहीत आणि देऊही नये. युरोपात पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या वेळी गावोगावी संकलन-दिवस भरवले गेले. कुटुंबांनी कागद आणायचे, तिथल्या तिथे स्कॅन करून घ्यायचे, गोष्ट सांगायची आणि मूळ कागद घेऊन घरी जायचं. आपल्याकडे हे गावच्या जत्रेला करता येईल. मुंबई-पुण्याला गेलेलं अख्खं घर तेव्हा गावात असतं, रजेवरचे जवानही असतात, आणि माळ्यावरची पेटी खाली काढायला हात असतात. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला आणि माजी सैनिक संघटनांना सोबत घ्या. कुठल्या गावात विचारायचं ते त्यांना तोंडपाठ असतं.

देणाऱ्याला अटी घालू द्या. कागद ज्याला पत्र आलं त्याचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा असतो. एखादं पत्र पंचवीस वर्षं कोणाला दाखवू नका, या बाईचं नाव झाका, हा कर्जाचा परिच्छेद आमच्या हयातीत छापू नका, असं लिहून देण्याची सोय अर्जातच ठेवा. वीरपत्नीला आलेली पत्रं असतील तर तिची संमती आधी घ्या. सासरच्यांची किंवा गावपुढाऱ्याची सही तिच्याऐवजी चालणार नाही.

जपणुकीचं एक पान मराठीत छापा आणि ग्रामपंचायत, पोस्ट, शाळा इथे लावा. मोडी शिकलेल्या मुलांची यादी करून ती खुली ठेवा, वाचनाचं मानधन ठरवा. लंडनमधल्या सेन्सॉरच्या उताऱ्यांत मराठी शिपायांचे जे असतील ते मिळवून मराठी सूचीसह इथे उपलब्ध करून द्या.

आणि हे सगळं जमायला वेळ लागणार असेल तर निदान एक वही उघडा. कुठल्या गावात, कुठल्या घरात, कुठल्या युद्धाचे कागद आहेत, एवढी नुसती नोंद. त्याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. एक माणूस आणि एक फोन नंबर पुरतो.

आमचा गठ्ठा सध्या माझ्याकडे आहे आणि मी तो स्कॅन करून घेतला आहे. परत करणाऱ्या संस्थेला तो पुन्हा हवा असेल तर प्रती मिळतील, पण पदकांच्या शेजारी त्या पत्रांचीही पाटी लागणार असेल तरच. उत्तर मला एकटीला पाठवू नये. नियम काय ठरला तो येत्या दिवाळीच्या आत आपापल्या दारावर आणि संकेतस्थळावर लावावा, म्हणजे यंदाच्या जत्रांआधी गावागावांत कळवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मराठा पलटणीतल्या एका शिपायाची नात